शार्लोट तलावापर्यंत आईला चालत न्यायचंय : माथेरानच्या जाणकारांनो, वाट सांगा

मुग्धा_डोंबिवली

नमस्कार मंडळी.

माझ्या आईचं माहेर नेरळचं. आजोबांचा भाजीचा धंदा होता. पहाटे डोक्यावर पाटी घेऊन ते माथेरानला चढायचे. आई आठ-नऊ वर्षांची असताना सुट्टीत त्यांच्या मागे मागे जायची. पाटी रिकामी झाली की आजोबा तिला शार्लोट तलावावर न्यायचे, दोघं काठावर बसून भाकरी खायचे आणि मग डोंगर उतरायचे. लग्न होऊन ती डोंबिवलीला आली. नेरळ लोकलने तासाभरावर, पण संसारात तिला ते तळं पुन्हा काही दिसलं नाही. माथेरानला दोनदा जाणं झालं, दोन्ही वेळा पाहुण्यांसोबत, बाजारपेठेपर्यंत आणि परत.

आता ती ६८ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. रोज सकाळी सपाटीवर तीन किलोमीटर चालते, उतार आला की मात्र हात धरावा लागतो. परवा जेवताना अचानक म्हणाली, "मला एकदा तळ्यावर ने. घोड्यावर बसणार नाही, पायांनी जाईन."

मला तिला न्यायचंच आहे. सोबत तिसरीतला मुलगा असेल. ऑक्टोबरमध्ये जावं असं डोक्यात आहे. वाट कशी आहे, चढउतार किती, बसायला जागा आहेत का, पाऊस संपल्यावर किती दिवस निसरडं राहतं? एवढं चालणं तिला झेपेल का, हे ज्यांनी घरच्या मोठ्या माणसांना नेलंय त्यांनी कृपया मोकळेपणाने सांगा.

भटका_विजय

नक्की न्या. एकच सांगतो, दस्तुरीपासून, म्हणजे गाड्या थांबतात त्या नाक्यापासून, चालायला सुरुवात करू नका. दस्तुरी ते बाजारपेठ हे अडीच-तीन किलोमीटर आईंच्या पायांतून उगाच खर्च होतील. दस्तुरीच्या पुढे लगेच अमन लॉज स्टेशन आहे, तिथून शटल (छोटी आगगाडी) पकडा आणि माथेरान स्टेशनला उतरा. बाकीची नेरळ-माथेरान गाडी पावसाळ्यात बंद असते, पण अमन लॉजची शटल पावसाळ्यातही चालते. शनिवार-रविवार टाळा, खिडकीवर लांब रांग लागते.

कर्जतकर

मुग्धाताई, मी कर्जतचा. माझ्या वडिलांना ७१ व्या वर्षी नेलं होतं, त्यामुळे अनुभवाचं सांगतो.

बाजारपेठेपासून तळं साधारण दोन किलोमीटर. चढण अशी म्हणाल तर जाताना फारशी नाहीच, वाट हळूहळू खाली उतरत जाते. म्हणून जाताना सगळे म्हणतात "अरे, एवढंच?" खरी कसोटी परतीची. थकलेल्या पायांनी तोच उतार चढ होऊन समोर येतो. तेव्हा आईंचा हिशोब जाण्याचा धरू नका, येण्याचा धरा. जाताना पाय दुखायला लागले तर तिथूनच मागे फिरायचं, हे आधीच ठरवून ठेवा, म्हणजे ऐन वेळी वाद होत नाही.

मात्र गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला चढापेक्षा उतार जड जातो, त्यामुळे तुमच्या बाबतीत जातानाही घाई नको. लाल मातीची वाट, मधे मधे जांभ्याचे दगड उघडे पडलेत. ओल असताना त्यांवर हिरवं शेवाळ असतं आणि त्यावर पाय पडला की सटकतोच. दगडावर पाय ठेवू नका, दोन दगडांमधल्या मातीवर ठेवा. दिसायला दगड पक्का वाटतो, तिथेच फसगत होते. पाऊस थांबून आठवडाभर कडक ऊन पडलं की वाट बरीच सुकते, पण झाडी इतकी दाट आहे की काही तुकड्यांवर ऊन पोचतच नाही. तिथे ऑक्टोबरअखेरपर्यंत ओल राहते.

वडिलांना मी दोन काठ्या दिल्या होत्या. त्यांना सुरुवातीला आवडलं नाही, पण परतताना त्यांनीच मागून घेतल्या. काठी उताराला थोडी लांब आणि चढाला थोडी आखूड धरायची.

शिल्पा_ओ

एक गोष्ट बायकाच सांगतील म्हणून लिहिते. स्वच्छतागृहाचं बाजारपेठेतच उरकून घ्या. पुढे वाटेवर भरवसा ठेवू नका. माझ्या सासूबाई या एका काळजीपायी सकाळपासून पाणीच प्यायल्या नव्हत्या आणि परतीच्या चढावर त्यांना चक्कर आली. आम्ही अर्धा तास झाडाखाली बसवून, साखरमीठ पाजून मग हळूहळू आणलं. तेव्हा आईंना आधीच सांगा, पाणी प्यायचं, घोट घोट पण प्यायचं.

आणि खाण्याची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका. माकडं थेट पिशवीवरच येतात. पाठीवरची चेनवाली सॅक बरी. मुलाच्या हातात बिस्किटाचा पुडा तर मुळीच नको. माकडाला हुसकावताना आईंचा तोल गेला तर नसतं संकट.

सुहास_न

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. ६८ वय, गुडघ्याचं ऑपरेशन, शेवाळलेला जांभा. एवढं सगळं असताना हट्टाने चालवायचं कशाला? आता ई-रिक्षा आहेत, घोडे आहेत. सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२५ मध्ये हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून त्या लोकांना ई-रिक्षा द्यायला सांगितलं ते माणसाने माणसाला ओढायचं थांबावं म्हणून, पण त्यात म्हाताऱ्या माणसांची, आजाऱ्यांची सोयही होते. सोय आहे तर वापरावी. तळं तर तेच दिसणार ना.

मुग्धा_डोंबिवली

सुहासजी, राग अजिबात नाही. तुमची काळजी मला कळते, मीही रात्री हाच विचार करत असते. दस्तुरी ते बाजारपेठ आम्ही शटलनेच जाऊ, त्यात आईचीही हरकत नाही. पण तळ्याची वाट तिला चालायची आहे. ती म्हणते, "बाबा चालत न्यायचे, मी वाट ओळखते का ते मला बघायचंय." यावर मला काही बोलता आलं नाही.

रानपाखरू

मग चालतच न्या. आणि मी तर म्हणेन, दोन किलोमीटरला दोन तास द्या.

त्या वाटेवर बघायला तळ्याच्या आधीच इतकं आहे की लोक भराभर पुढे जातात तेव्हा मला वाईट वाटतं. माथेरान म्हणजे माथ्यावरचं रान, आणि सुमारे ८०० मीटरच्या या सपाट माथ्यावर ते रान अजून शाबूत आहे. सह्याद्रीच्या माथ्यांवरच्या निमसदाहरित जंगलाची ओळख तीन झाडांवरून सांगतात. अंजनी, जांभूळ आणि पिसा. महाबळेश्वर, भीमाशंकर, माथेरान, तिन्हीकडे हेच त्रिकूट. तुमच्या वाटेवर ही तिन्ही झाडं आहेत. अंजनीचं पान जाडसर, चकचकीत, आणि खोड बारीक पण लोखंडासारखं टणक. ती फुलते तेव्हा फांदीला चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके येतात, जणू कुणी फांदीला रंग फासलाय. ते ऑक्टोबरमध्ये दिसणार नाही, त्यासाठी उन्हाळ्याच्या तोंडावर परत यावं लागेल.

ही झाडं फार उंच नाहीत. माथ्यावरचा वारा आणि पावसाळ्यातला मारा त्यांना उंच होऊ देत नाही. पण शेंडे एकमेकांत इतके गुंतलेत की वर छत झालंय. हे अखंड छत आहे म्हणून शेकरू आहे. आपला राज्यप्राणी सहसा जमिनीवर उतरत नाही, फांदीवरून फांदीवर जातो. मधे मोठी फट पडली की त्याची वाट तुटते. मुलाला सांगा, वर बघताना पानं-काटक्यांचा फुटबॉलएवढा किंवा त्याहून मोठा गोळा फांदीच्या टोकाकडे दिसला तर ते शेकरूचं घरटं. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधतं, त्यामुळे घरटी पुष्कळ दिसतील आणि शेकरू नशिबाने. आधी आवाज येईल, खडखड खडखड असा. तो आला की जागच्या जागी उभं राहायचं. शेपूट अंगाहूनही लांब असते, आधी तीच दिसते.

पाण्याच्या जवळ गेलात की कान द्या. शीळकरी कस्तूर हा पक्षी तिथे असतो. पावसाळ्यात तो पहाटे असा गातो की कुणी शाळकरी पोर शीळ घालत रानातून चाललंय असं वाटावं. ऑक्टोबरमध्ये त्याचं गाणं ओसरलेलं असतं, पण एखादी बारीक, धारदार शीळ ऐकू येते.

नेरळचा_बाळा

मी नेरळचा, घरातले दोघं वर कामाला आहेत. तुमच्या आजोबांसारखी पाटी घेऊन चढणारी माणसं अजून आहेत. पायथ्याच्या वाड्यांमधल्या आमच्या ठाकर, कातकरी बाया मे महिन्यात करवंदं-जांभळं घेऊन वर येतात. त्यांच्याकडून घ्या, भाव करू नका.

वाटेबद्दल. मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसलेत, त्यावरून बरीच भांडणं झाली. ई-रिक्षाला सपाट रस्ता लागतो, घोड्याचा पाय ब्लॉकवर घसरतो, आणि नुसती माती ठेवली तर दर पावसात वाहून दरीत जाते. तिघांचंही खरं आहे. कोर्टाने दस्तुरी ते शिवाजी पुतळा या मुख्य रस्त्यापुरती मुभा ठेवून आतल्या वाटांवर ब्लॉक नको म्हटलंय. तळ्याकडची रानातली वाट मातीचीच राहावी असं मला मनापासून वाटतं. त्या मातीवर म्हाताऱ्या माणसाचा पाय जास्त बरा बसतो. माझी आजी ब्लॉकवरून चालताना गुडघे धरायची, मातीवरून नाही.

दुसरं, तळ्याबद्दल. ते पिकनिकचं तळं नाही, आमच्या गावाच्या पिण्याचं पाणी आहे. बांध घालून पाणी अडवलंय. काठावर ग्रामदैवत पिसरनाथाचं मंदिर आहे. पाय धुवायला, हात खळबळायला लोक उतरतात, ते बघून जीव तुटतो. तुम्ही तसं करणार नाही हे तुमच्या लिहिण्यावरून कळतं, पण धागा आणखी लोक वाचतील म्हणून लिहिलं.

गड_आणि_वाटा

आईंचं वर्णन वाचून पुढच्या पिढीसाठी थोडा इतिहास. माथेरानचं नाव सरकारदरबारी गेलं ते मे १८५० मध्ये, ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौकच्या बाजूने वर चढून आला तेव्हा. पण "शोध लावला" हा शब्द मला कधीच पटलेला नाही. तो वर आला तो इथल्या लोकांच्या वाटांनीच, आणि डोंगराला नावही त्यांचंच होतं. गाडी आली १९०७ मध्ये, आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने बांधली. दोन फूट रुंदीचा रूळ. तोपर्यंत वरच्या बंगल्यांमधला प्रत्येक दाणा, प्रत्येक खुर्ची माणसाच्या डोक्यावरून किंवा जनावराच्या पाठीवरून चढली. गाडी आल्यावरही भाजी-दूध डोक्यावरून चढतच राहिलं. तुमचे आजोबा त्याच रांगेतले.

मुलाला आणखी एक सांगा. हुतात्मा भाई कोतवाल माथेरानचे. १९१२ चा जन्म, सामान्य घरातला मुलगा, शिकून वकील झाला, शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या. बेचाळीसच्या आंदोलनात भूमिगत होऊन विजेचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडच्या जंगलात हिराजी पाटलांसोबत गोळ्यांना सामोरे गेले. पॉइंटांची इंग्रजी नावं पाठ करणाऱ्या मुलांना हे एक नाव तरी माहीत असावं.

ट्रेकर_ओंकार

मस्त धागा. आम्ही चौघं मित्र भिवपुरीहून गार्बेट पॉइंटवरून चढून येणार आहोत, मग तळ्यावर जाऊ. तिथे पोहता येतं का? एका व्हिडिओत लोक पोहताना दिसले.

कर्जतकर

ओंकार, नाही. वर बाळाने लिहिलंय ते पुन्हा वाच, ते गावाचं पिण्याचं पाणी आहे. शिवाय ते तळं फसवं आहे. काठ उथळ वाटतो, तळाशी गाळ आहे आणि खोली एकदम वाढते. तिथे माणसं बुडून गेली आहेत, आणि ती पोहायला येणारी, तरुण माणसं होती.

शिल्पा_ओ

ओंकार, तू माझ्या भाच्याच्या वयाचा असशील म्हणून सांगते. कॉलेजात असताना आमच्या ग्रुपमधला एक मुलगा असाच उतरला होता. पट्टीचा पोहणारा. पाच-सहा हात गेला आणि पाय गाळात गेले, ते निघेनात. आम्ही काठावर टाळ्या वाजवत होतो, आम्हाला वाटलं तो गंमत करतोय. लाकडं घेऊन चाललेल्या एका माणसाने भारा खाली टाकला, लांब काठी पुढे केली आणि त्याला ओढून काढलं. त्या माणसाचं नावही आम्ही विचारलं नाही, इतके आम्ही घाबरलो होतो. इतकी वर्षं झाली, ते माझ्या मनातून जात नाही. काठावर बसा, बघा, पाण्यात उतरू नका.

ट्रेकर_ओंकार

समजलं ताई, काका. नाही उतरणार. बाकीच्या तिघांनाही हा धागा पाठवला आहे.

मुग्धा_डोंबिवली

तुम्हा सगळ्यांचे आभार. दोन काठ्या आणल्या, नव्या बुटांत आईला रोज थोडं चालवतेय, आणि आमच्या इमारतीच्या जिन्यावर उतरण्याचा सराव चालू आहे. कोजागिरीनंतरच्या बुधवारी जाऊ. परत आल्यावर लिहीन.

मुग्धा_डोंबिवली

जाऊन आलो. मोठं लिहिणार आहे.

पहाटेची कर्जत लोकल धरली, नेरळहून शेअर टॅक्सीने दस्तुरी. तिथे पहिलाच खोडा. टॅक्सीतून उतरल्याबरोबर एकाने गाठलं. म्हणाला, तळ्याची वाट पावसाने बंद आहे, चालत जाऊ देत नाहीत, घोडा घेतला तरच दुसऱ्या बाजूने नेता येईल. आईचा चेहरा उतरला. मी क्षणभर खरं मानलं. मग तुमच्यापैकी कुणीच वाट बंद असल्याचं लिहिलं नव्हतं हे आठवलं आणि शटलच्या खिडकीवर विचारलं, तर वाट उघडी होती. वाईट याचं वाटलं की त्याने हे आईकडे बघून सांगितलं, तिच्या हातातल्या काठ्या बघून. नव्या माणसांनी असं काही ऐकलं तर पुढे जाऊन आणखी एकाला विचारा, एवढंच.

शटलने वर पोचलो. बाजारपेठेत शिल्पाताईंनी सांगितलं ते सगळं उरकलं, चहा घेतला आणि साडेनऊला निघालो.

सुरुवातीची पंधरा मिनिटं आई गप्प होती. सगळीकडे दुकानं, हॉटेलं, तिला काही ओळखीचं लागेना. मग वस्ती संपली, वाट झाडीत शिरली आणि सावली अंगावर आली. ती थांबली. खाली वाकता येत नाही, म्हणून मुलाला म्हणाली, "थोडी माती दे." त्याने चिमूटभर दिली. तिने ती बोटांत चोळली, थोडी ओली होती, बोटं लाल झाली. म्हणाली, "हीच. बाबांच्या धोतराच्या काठाला बसायची. आई तीन पाण्यांतून काढायची तरी तांबूस राहायचीच." आजोबांचं धोतर तांबूस असायचं हे मला माहीतच नव्हतं. आमच्याकडे त्यांचा एकच फोटो आहे, काळा-पांढरा.

कर्जतकरांचं दगड-मातीचं गणित आम्ही मंत्रासारखं पाळलं. मुलगा पुढे चालत "दगड, दगड, माती" असं म्हणत होता आणि आई त्याप्रमाणे पाय टाकत होती. दोन ठिकाणी वाट ओढ्यासारखी खणली गेली आहे, मुळं उघडी पडलीत, तिथे मी एका बाजूने दंड धरला. बाकी सगळं ती काठ्यांवर उतरली.

एका वळणाला फाटा आला. पाटीवर पॉइंटांची नावं होती, बाण फिरला होता. मी मोबाइल काढला. आई म्हणाली, "इकडून." मी विचारलं कशावरून, तर म्हणाली, "तिकडून वारा येतोय, तिकडे कडा आहे. तळं खोलगट जागेत आहे, तिथे वारा नसतो." आणि ती चालायला लागली. बरोबर होती.

शेकरूची घरटी मुलाने सात मोजली. शेकरू एक, आणि तेही आधी आवाज आला म्हणून. रानपाखरू, तुम्ही सांगितलं होतं तसे आम्ही तिघं जागच्या जागी थांबलो. ते फांदीवर पोट टेकून पसरलं होतं, शेपूट खाली सोडलेली, गडद तपकिरी अंग आणि पोटाकडचा पिवळसर रंग. पाचएक मिनिटं आम्ही त्याच्याकडे आणि ते आमच्याकडे बघत होतं. मुलगा इतका वेळ न बोलता उभा राहिलेला मी पहिल्यांदा पाहिला.

तळ्यावर पोचायला सव्वा तास लागला. झाडी एकदम संपते आणि समोर पाणी. भरलेलं होतं, काठापर्यंत. पलीकडची झाडं पाण्यात उलटी, बांधाजवळ सोनकीची पिवळी फुलं. आई काही बोलली नाही. पिसरनाथाला नमस्कार केला आणि सावलीत बसली. मी घरून तांदळाच्या भाकऱ्या आणि लसणाची चटणी नेली होती, आजोबा न्यायचे तशीच फडक्यात बांधून. ते मी तिला आधी सांगितलं नव्हतं. फडकं सोडलं तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं आणि पहिला तुकडा मोडून बाजूला पानावर ठेवला. आजोबांचा. मग आम्ही जेवलो. माकडं तिथेही होती, पण मागे एक आजोबा काठी आपटत बसले होते, ती जवळ आली नाहीत.

तिथे दीड तास बसलो. कस्तुराची शीळ एकदाच ऐकू आली, बांधाच्या खालच्या बाजूने, अगदी बारीक.

परतीचा चढ खरोखर कसोटीचा होता. शंभर पावलं मोजायची आणि थांबायचं, असं आईनेच ठरवलं. काठ्या आखूड केल्या. शेवटच्या टप्प्यात तिचा श्वास वाढला, आम्ही वीस मिनिटं बसलो. तेवढ्यात खालून एक बाई पाटी घेऊन आल्या, रिकामी, उलटी धरलेली. आईने त्यांना हाक मारली. कुठून चढलात, किती वेळ लागला, आज काय आणलं होतं, असं दोघींचं सुरू झालं. त्यांनी डोक्यावरची चुंबळ काढून घाम पुसला. आईने ती हातात घेतली. जुन्या लुगड्याच्या कापडाची, घट्ट पिळलेली. आईने ती उलगडली, पुन्हा पिळली आणि गोल बांधून परत दिली. त्या बाई म्हणाल्या, "तुम्हाला येतं की." आई म्हणाली, "बाबांची मीच बांधायचे."

मला हेही माहीत नव्हतं.

परतायला एक तास चाळीस मिनिटं लागली. दुपारची शटल मिळाली. लोकलमध्ये आई झोपून गेली.

रानपाखरू

मुग्धाताई, वाऱ्यावरून तळ्याची दिशा सांगणारी माणसं आता फार कमी उरली आहेत. आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांच्याकडून त्या काळच्या झाडांबद्दल, वाटांबद्दल जे आठवेल ते लिहून घ्या, अगदी तुटक असलं तरी.

नेरळचा_बाळा

दस्तुरीवर जे झालं त्याबद्दल वाईट वाटलं. तिथले सगळे तसे नाहीत, पण असं सांगणारे आहेत हे खरं, आणि त्याने सरळ धंदा करणाऱ्यांचंही नुकसान होतं. पुढच्या वेळी येण्याआधी इथे लिहा, मी नाक्यावर येईन. आजोबांचं घर नेरळमध्ये कुठल्या आळीत होतं? माझ्या आजीला विचारतो, ती नव्वदीची आहे, तिला भाजीवाल्यांची सगळी घरं आठवतात.

सुहास_न

मुग्धाजी, वाचून आनंद झाला. मी घोड्याचं सुचवलं होतं, पण तुम्ही तयारी चोख केलीत म्हणून हे जमलं. गुडघा कसा आहे आता? माझ्या वडिलांना न्यायचा विचार मनात येतोय, म्हणून विचारतो. शटलला परतीची अडचण नाही ना आली?

मुग्धा_डोंबिवली

बाळा, आळीचं नाव आईला विचारून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. आजींची आणि तिची भेट झाली तर फार बरं होईल.

रानपाखरू, वही आणली आहे. काल रात्री चार झाडांची नावं सांगितली, त्यातली दोन मला कुठल्याच पुस्तकात सापडत नाहीत. फोटो मिळाले की तुम्हाला विचारीन.

सुहासजी, दोन दिवस थोडी सूज होती. बर्फ लावला, पाय उशीवर ठेवला, चौथ्या दिवशी ती फिरायला गेली. ती जुन्या चपला घालून गेली. बूट गॅलरीत आहेत, त्यांना लाल माती तशीच आहे आणि ती मला धुऊ देत नाही. वडिलांना न्याल तेव्हा आधी निदान दोन आठवडे जिन्याचा सराव करून घ्या, चढण्याचा नाही, उतरण्याचा. शटलच्या वेळा हंगामाप्रमाणे बदलतात. आम्ही सकाळी माथेरान स्टेशनवर उतरल्याबरोबर परतीच्या वेळांच्या फलकाचा फोटो काढून घेतला होता, त्याचा उपयोग झाला.